शानिदार ४ : थडग्यातली फुलं नक्की आणली कुणी?

निअँडरथल माणसाचा (म्हणजे आपल्या जवळच्या, पण आता नामशेष झालेल्या मानवजातीतल्या माणसाचा) सांगाडा टॅक्सीच्या टपावरून नेला होता हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी मीठमसाला लावून सांगतंय, पण खरंच तसं झालंय. १९६० साल, इराकी कुर्दिस्तानातली शानिदार गुहा. सांगाडा मिळाला पण हाडं इतकी ठिसूळ की एकेक सोडवायला जावं तर हातात भुगा येणार, म्हणून भोवतालच्या मातीसकट अख्खा ठोकळाच कापून काढला, प्लास्टर चढवलं, लाकडी पेटीत बसवलं आणि पेटी टॅक्सीच्या टपावर टाकून बगदादच्या म्युझियमला रवाना. वाटेत हादरे बसायचे ते बसलेच असणार. १९६२ मध्ये हाडांचे अभ्यासक टी. डेल स्ट्युअर्ट ती माती सोडवायला बसले तेव्हा कळलं की आत एकच माणूस नाहीये, त्याच्याबरोबर दोन बायकांची आणि एका तान्ह्या बाळाची पण हाडं आहेत. वरचा पुरुष म्हणजे शानिदार ४, बाकीच्यांना ६, ८ आणि ९ असे नंबर पडले.

हा शानिदार ४ म्हणजेच तो जगप्रसिद्ध 'फुलांवर निजवलेला निअँडरथल'. नाव लक्षात नसेल तरी गोष्ट ऐकलेली असते, की हजारो वर्षांपूर्वी निअँडरथल लोकसुद्धा आपल्या मेलेल्या माणसाला फुलं वाहायचे. शाळेतल्या मुलांच्या पुस्तकांपासून डॉक्युमेंटरीपर्यंत सगळीकडे ही गोष्ट आहे आणि ती इतकी गोड आहे की तिच्यावर शंका घेणारा माणूस आपोआप खडूस वाटतो. तर मी आज तो खडूसपणा करणार आहे. पण सगळी गोष्ट खोटी म्हणून उडवून लावण्यातही मला रस नाही. मला भांडायचंय ते एवढ्याचसाठी की थडग्याच्या मातीत पराग सापडणं आणि थडग्यात फूल सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधल्या अंतरात कोण कोण घुसू शकतं हे या एका प्रकरणात जितकं छान दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आधी जागा समजून घेऊ. झाग्रोस पर्वतरांगेत बरादोस्त डोंगराच्या उतारावर, ग्रेट झाब नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून ही गुहा आहे. तोंड चांगलं २५ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच, आत भरपूर उजेड, म्हणजे आपण गुहा म्हटल्यावर जी अंधारी भोकं डोळ्यासमोर आणतो तसलं काही नाही. गुहा खोदणारा सोलेकी तिथे गेला तेव्हा कुर्द कुटुंबं थंडीत आपली गुरंढोरं घेऊन तिथेच राहायची. राल्फ सोलेकी हा अमेरिकन आर्किऑलॉजिस्ट, त्याने १९५१ ते १९६० मध्ये चार सीझन खोदकाम केलं, मधोमध खणलेला चर खाली जात जात जवळजवळ १४ मीटरवर खडकाला टेकला. त्यातून एकूण दहा निअँडरथल लोकांचे अवशेष निघाले, पुरुष, बायका, लहान मुलं सगळं. यातला शानिदार १ म्हातारा तर वेगळाच किस्सा आहे, त्याच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीला जबर मार बसलेला, उजवा हात वाळून गेलेला आणि कोपराच्या वरूनच संपलेला, तरी या जखमांनंतर हा बाबा कित्येक वर्षं जगला. एवढ्या अपंग माणसाला त्या काळात कुणीतरी सांभाळलं असणार, असा अंदाज तेव्हाच बांधला गेला. म्हणजे 'निअँडरथल प्रेमळ होते' या गोष्टीची जमीन फुलांच्या आधीच तयार होती, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शानिदार ४ हा तीस ते पंचेचाळीस वयाचा पुरुष. डाव्या कुशीवर, पाय पोटाकडे घेतलेले, झोपेत आखडून पडतो तसा. सोलेकीची एक चांगली सवय म्हणजे तो मातीचे नमुने घेऊन ठेवायचा. सांगाड्याच्या आजूबाजूची माती पिशव्यांमध्ये भरली, नंबर टाकले. त्यावेळी त्याच्या डोक्यात फुलंबिलं काही नव्हतं, तेव्हाचं हवामान कसं होतं, आजूबाजूला कुठली झाडं होती एवढंच बघायचं होतं. या पिशव्या पॅरिसला आर्लेट लरुआ-गुराँ यांच्याकडे गेल्या, त्या पराग-तज्ज्ञ. उत्तर यायला काही वर्षं गेली, आणि १९६८ च्या सुमारास जे आलं त्याने सोलेकी उडालाच. ३१३ आणि ३१४ नंबरच्या नमुन्यांमध्ये परागकणांचे चक्क गठ्ठे होते.

इथे जरा थांबतो, कारण गठ्ठे म्हणजे काय विशेष हे कळल्याशिवाय पुढचं सगळं भांडण फोल आहे. मी बॉटनीला असताना काही महिने परागकण मोजायचं काम केलंय, त्यामुळे हा भाग मला सगळ्यात जवळचा. मातीचा छोटासा नमुना घ्यायचा, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकलं की चुन्याचा अंश फसफसून जातो, मग हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड, ते वाळू म्हणजे सिलिका खातं (आणि चुकून अंगावर उडालं तर हाडापर्यंत जातं, त्यामुळे ते करताना मला कायम घाम फुटायचा), मग अजून एक अ‍ॅसिडचं मिश्रण जे सेंद्रिय कचरा जाळून टाकतं. एवढं सगळं सोसून जे शिल्लक राहतं ते पराग. त्यांचं बाहेरचं कवच ज्या पदार्थाचं असतं तो स्पोरोपोलेनिन, निसर्गातल्या सगळ्यात चिवट गोष्टींपैकी एक. मग उरलेला थेंबभर गाळ गुलाबी रंगवून स्लाइडवर घ्यायचा आणि ४०० पट मोठं करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसून मोजत जायचं. चांगल्या नमुन्यात निदान तीनशे मोजल्याशिवाय कुणी बोलत नाही. गुहेतली माती मात्र कंजूष, तासभर बसलात तरी पाच-दहा कण दिसले तर नशीब.

आता वाऱ्यावर उडणारे पराग, पाईनचे, गवताचे, सुटे सुटे येतात. ते हलके असतात, दूरवर जातात, कुठेही पडतात. पण सूर्यफुलाच्या घराण्यातल्या झाडांचे पराग चिकट असतात, कीटकांनी न्यावेत म्हणून. हे वाऱ्यावर फारसे जातच नाहीत. मग अशा झाडाचे पन्नास-शंभर कण एकमेकांना चिकटलेले, काही ठिकाणी तर परागकोशाचा आकार धरून असलेले स्लाइडवर दिसले तर बघणारा काय म्हणेल? फूलच्या फूल इथे होतं, इथेच कुजलं आणि पराग तेवढे राहिले. लरुआ-गुराँ यांनी हेच म्हटलं, आणि गुहेच्या बाकीच्या नमुन्यांमध्ये असं काही दिसत नाही हेही बघून म्हटलं. मला यात त्यांची चूक काढावीशी वाटत नाही. त्या काळी समोर असलेल्या स्लाइडवरून मीही तेच लिहिलं असतं.

झाडं कुठली? यारो, सेनेसिओ, एक पिवळ्या फुलाचं काटेरी सेंटॉरिया, जांभळ्या निळ्या घोसांचं मस्कारी ज्याला बागवाले ग्रेप हायसिंथ म्हणतात, हॉलीहॉकच्या जातीचं एक, आणि एफेड्रा, ज्याला फूल म्हणावं असं काही नसतंच, नुसत्या हिरव्या काड्यांचं झुडूप. फुलायच्या मोसमावरून त्यांनी मे अखेर ते जुलैची सुरुवात असा दफनाचा काळ काढला. सोलेकीने पुढे जाऊन बघितलं तर यातली बरीच झाडं औषधी, म्हणून मग हा मेलेला माणूस कदाचित वैदू असेल, त्याच्या धंद्याची झाडं त्याच्याबरोबर दिली असतील असाही सूर निघाला, १९९२ मध्ये तर औषधी वनस्पतींवरच्या एका जर्नलमध्ये या झाडांचे गुणधर्म तपासणारा स्वतंत्र लेख आला. आता कुठल्याही डोंगरउतारावरची सहा झाडं उचला, त्यातली चार कुठल्या ना कुठल्या समाजात औषधी निघणारच, त्यामुळे हा मुद्दा मला पहिल्यापासून लंगडा वाटतो.

काळ पण बघा ना. ही बातमी बाहेर पडली ती साठच्या दशकाच्या शेवटी, केसात फुलं माळणाऱ्या हिप्पींच्या जमान्यात. १९७१ ला सोलेकीचं पुस्तक आलं त्याच्या नावातच निअँडरथलांना 'पहिली फुलवाली माणसं' म्हटलेलं होतं. म्हणजे मूळ सविस्तर शास्त्रीय लेख सायन्स जर्नलमध्ये १९७५ ला छापले गेले, लरुआ-गुराँ यांचा आणि सोलेकीचा वेगवेगळा, आणि तोपर्यंत गोष्ट लोकांच्या तोंडी होऊन चार वर्षं झाली होती. आधी लग्न मग पत्रिका असा प्रकार. त्याआधी निअँडरथल म्हणजे गुरगुरणारा, गदा घेतलेला राक्षस अशी प्रतिमा होती, ती पुसायला लोकांना काहीतरी हवंच होतं, आणि फुलांपेक्षा सोपं काय मिळणार.

आता शंका. १९८९ मध्ये रॉबर्ट गारगेटने निअँडरथल दफनांवरच सरसकट हल्ला चढवला, त्याचं म्हणणं हे पुरलेले नाहीतच, छत कोसळून दगडाखाली गेलेत वगैरे. शानिदारमध्ये दरडी पडून मेलेले काही आहेतही, पण तो वाद वेगळा आणि मोठा आहे, इथे फक्त फुलं.

फुलांवरचा पहिला नेमका घाव १९९९ ला जेफ्री सॉमरने घातला, आणि त्याचा आरोपी होता एक उंदीर. पर्शियन जर्ड म्हणतात त्याला, वाळवंटी उंदरांच्या जातीतला, झुपकेदार शेपटीचा. हा प्राणी बिळात कोठारं करतो आणि त्यात बियांबरोबर फुलांची डोकी पण साठवतो. फुलं तोडून नेऊन बिळात रचून ठेवणारा प्राणी, आणि त्याचीच हाडं शानिदारच्या मातीत मिळालेल्या उंदरांमध्ये सर्वात जास्त! बरं, सोलेकीने स्वतःच लिहून ठेवलंय की सांगाड्यांच्या आसपास उंदरांची बिळं दिसायची. मऊ माती असते ना, पुरलेल्या किंवा गाडल्या गेलेल्या माणसाभोवतीची, उंदराला खोदायला सोपी. म्हणजे सांगाडा, बीळ आणि फुलं हे तिन्ही एकत्र यायला माणसाच्या दुःखाची काही गरजच उरत नाही. मला हा युक्तिवाद आवडतो कारण यात सोलेकीला खोटं पाडलेलं नाही, त्याच्याच वहीतली नोंद उचलून वेगळ्या बाजूने वाचली आहे.

पण उंदराच्या थिअरीतही एक खोच आहेच. उंदराने फूल नेलं तर एका फुलाचा गठ्ठा एकाच झाडाचा असायला पाहिजे, आणि इथले सगळे गठ्ठे तसे नाहीत. आणि इथे येतात मधमाश्या, म्हणजे पोळं करणाऱ्या नव्हेत, एकट्या राहणाऱ्या, जमिनीत भोक पाडणाऱ्या.

या एकांड्या माश्यांचं काम बघण्यासारखं असतं. मादी मातीत पेन्सिलएवढं भोक पाडत आत जाते, शेवटी छोटीशी खोली करते. मग दिवसभर फेऱ्या, या फुलावरून त्या फुलावर, पायांना आणि पोटाच्या केसांना पराग चिकटवून आणते, थोडा मकरंद मिसळते आणि त्या खोलीत वाटाण्याएवढा किंवा त्याहून लहान लाडू वळते. त्यावर एक अंडं घालते, तोंड मातीने बंद करते, दुसऱ्या खोलीच्या तयारीला लागते, आणि पिल्लाचं तोंडही तिला कधी दिसत नाही. अळी बाहेर आली की तो लाडू खाते. पण अंडं मेलं, बुरशी लागली, ओल शिरली, तर लाडू तसाच राहतो. मातीच्या आत, घट्ट, एकमेकांना चिकटलेला परागांचा गठ्ठा. हजारो वर्षांनी कुणी तो मायक्रोस्कोपखाली बघितला तर काय दिसेल?

२०२३ मध्ये लिव्हरपूल जॉन मूर्स युनिव्हर्सिटीच्या ख्रिस हंट आणि त्यांच्या साथीदारांनी जुनी आकडेवारी परत उघडली आणि दोन गोष्टींवर बोट ठेवलं. एक, लरुआ-गुराँ यांच्याच नोंदीत काही गठ्ठे मिश्र आहेत, एकाच गठ्ठ्यात एकापेक्षा जास्त झाडांचे पराग. एका फुलाच्या परागकोशात दुसऱ्या झाडाचे पराग कुठून येणार? माशीच्या लाडूत मात्र येतात, कारण ती पाच ठिकाणी हिंडून आलेली असते. दोन, ही झाडं एकाच वेळी फुलत नाहीत. मस्कारी वसंताच्या सुरुवातीला उमलून संपतं आणि ते पिवळं काटेरी सेंटॉरिया उन्हाळ्यातलं, मग दफनाच्या दिवशी दोन्ही ताजी फुलं हातात कशी? ज्यांनी मे-जुलै हा मोसम काढला त्यांनी हे ताणून बसवलं होतं. वर गुहेत आजही अशा माश्यांची बिळं आहेत, जिथे माणसांची आणि जनावरांची वर्दळ कमी तिथे तर जास्तच, आणि जुन्या थरांमध्येही बिळांच्या खुणा दिसतात. आता हे वाचल्यावर मला पहिलं आठवलं ते त्या काटेरी फुलाचं रूप. खालचे काटे बोटाच्या पेराएवढे लांब, पिवळे, सुईसारखे. त्याचा गुच्छ करायला घ्या कुणीतरी, मग बोलू.

तर आरोपी बदलला, उंदराकडून माशीकडे, आणि खरं सांगायचं तर दोघेही एकाच मातीत एकाच वेळी काम करत असतील. अजून एक गोष्ट, जिच्याकडे फार कुणी बघत नाही. ती टॅक्सी आणि ती पेटी. एकावर एक चार माणसं, वेगवेगळ्या वेळी तिथे आलेली, आणि मातीचे नमुने मात्र वरच्या पुरुषाच्या नावावर जमा. फुलं असलीच तर ती याच माणसासाठी होती, खालच्या बाईसाठी नव्हती, हे त्या दोन पिशव्यांवरून कसं ठरवणार? नमुने घेतले तेव्हा खाली बायका आहेत हेच माहीत नव्हतं. ही सोलेकीची चूक म्हणता येणार नाही, पण पुराव्याचं भोक आहे ते आहेच.

मग थडग्यात फूल होतं हे कशावरून मानायचं? याला उत्तर आहे आणि ते बाकीच्या ठिकाणी मिळतं.

माझ्या मते सगळ्यात मजबूत उदाहरण इस्रायलमधल्या माऊंट कार्मेलवरच्या राकेफेत गुहेचं. तिथे नातुफियन लोकांची (शेती सुरू होण्याच्या आधीचे त्या भागातले शिकारी लोक) २९ माणसं पुरलेली मिळाली, काळ सुमारे १३,७०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा. काही खड्ड्यांना आतून मातीचा पातळ लेप दिलेला होता, आणि लेप ओला असताना त्यावर हिरव्या काड्या आणि फुलं अंथरली होती. झाडं कुजून कधीच गेली पण त्यांचे ठसे लेपात उमटून राहिले, काडीच्या कडा, फुलाचा आकार, सगळं. त्यात एक सेजची जात ओळखता आली, बाकीचे ठसे पुदिन्याच्या घराण्यातले वगैरे. चार थडग्यांमध्ये असं अस्तर मिळालं, त्यातल्या एकात एक मोठा माणूस आणि एक किशोरवयीन मूल एकत्र होते. इथे उंदीर काय करेल? माशी काय करेल? ओल्या लेपावर अख्खी काडी दाबली गेली आणि तिच्यावर प्रेत ठेवलं, हा क्रम मातीनेच धरून ठेवलाय. परागाला असा क्रम सांगता येत नाही, तो फक्त 'मी इथे आहे' एवढंच सांगतो.

डेन्मार्कमधली एग्टवेडची मुलगी, १९२१ ला मिळालेली, तिच्या शवपेटीच्या काठावर यारोचं फूल ठेवलेलं होतं. हो, तेच यारो जे शानिदारच्या यादीत आहे, पण इथे आख्खं फूल, ओक लाकडाच्या पेटीत, पाणथळ मातीत जपलं गेलेलं. लाकडाच्या वलयांवरून इ.स.पू. १३७० चं साल निघतं आणि फुलावरून उन्हाळा. सोळा-अठरा वर्षांची पोर. तुतनखामेनच्या बाबतीत तर फुलांचा अख्खा हार सोन्याच्या शवपेटीवर होता, पर्सी न्यूबेरीने त्यातली फुलं आणि फळं ओळखली, त्यातलं एक कॉर्नफ्लॉवर हे पुन्हा सेंटॉरियाच, आणि कुठलं फूल कधी येतं, कुठलं फळ कधी पिकतं यावरून दफन मार्चच्या मध्यापासून एप्रिल अखेरीपर्यंत कधीतरी झालं असं काढलं. कोरड्या वाळवंटातला बंद मजार, त्यामुळे वस्तूच्या वस्तू शाबूत. तिथे प्रश्नच येत नाही.

स्कॉटलंडचं प्रकरण मात्र शानिदारच्या सख्ख्या भावासारखं आहे म्हणून सांगतो. तिथे ब्राँझ युगातल्या थडग्यांमध्ये मेडोस्वीट नावाच्या फुलाचे पराग मोठ्या प्रमाणात मिळायला लागले. फाइफमधल्या अ‍ॅशग्रोव्हच्या थडग्यात लिंडेन नावाच्या झाडाच्या परागांबरोबर मिळाले तेव्हा जेम्स डिक्सनने १९७८ मध्ये म्हटलं, ही फुलं नसावीत, मधापासून केलेली दारू असावी, भांड्यातून सांडलेली. परत माशीच! माशीने गोळा केलेला पराग मधात, मध दारूत, दारू थडग्यात. पण मग २००९ ला फोर्टेव्हिएटच्या दगडी पेटीसारख्या थडग्यात मेडोस्वीटच्या फुलांचे खरोखरचे अवशेष मिळाल्याचं जाहीर झालं, आणि निदान त्या ठिकाणी तरी पारडं फुलांकडे झुकलं. यातून एवढंच दिसतं की एकाच परागाला दोन पूर्ण वेगळे रस्ते असू शकतात आणि रस्ता कुठला हे ठरवायला परागाव्यतिरिक्त काहीतरी हातात लागतं, भांडं, ठसा, देठ, पाकळी, काहीही.

आता परत शानिदारला. २०११ मध्ये कुर्दिस्तानच्या सरकारने केंब्रिजच्या ग्रेम बार्कर यांना परत खोदायचं आमंत्रण दिलं. २०१४ ला काम सुरू झालं आणि लगेच आयसिसमुळे बंद पडलं, २०१५ ला परत लागले. त्यांना नवीन सांगाडे मिळतील अशी आशाच नव्हती, सोलेकीच्या जुन्या चराच्या कडा साफ करून तारखा नीट काढायच्या एवढाच बेत. आणि नेमकं शानिदार ४ जिथून कापून काढला त्या जागेला लागून, भिंतीत, अजून एक माणूस निघाला. कमरेच्या वरचा भाग, कवटी दगडाखाली चेपून फक्त दोन सेंटिमीटर जाडीची झालेली. २०२० मध्ये त्याचं वर्णन छापून आलं, नाव शानिदार झेड. केंब्रिजच्या एमा पॉमेरॉय यांनी या हाडांबद्दल सांगितलं की ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी मऊ होती. कवटीचे दोनशेवर तुकडे जोडून चेहरा उभा केला तो २०२४ ला लोकांसमोर आला, पंचेचाळिशीच्या आसपासची, बहुधा बाई, आणि काळ सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा.

यावेळी घाई कुणी केली नाही. मातीचे छोटे ठोकळे न हलवता काढून, राळेत भिजवून, कापून, घासून पातळ करून मायक्रोस्कोपखाली बघितले, म्हणजे खड्डा नैसर्गिक घळ होती की कुणी उकरला हे कणांच्या मांडणीवरून दिसावं. तिथे आधीची नैसर्गिक घळ होती पण काही भाग मुद्दाम खोल केला असावा अशी चिन्हं निघाली. सोलेकी हे वाचून खूश झाला असता, पण हे छापून येण्याआधीच, २०१९ मध्ये, तो १०१ वर्षांचा होऊन गेला.

आणि गंमत म्हणजे फुलं गेली तरी शानिदारच्या निअँडरथलांच्या आयुष्यातली झाडं काही गेलेली नाहीत, उलट त्यांचा पुरावा आता जास्त पक्का आहे. शानिदार ३ च्या दातांवर जो दगडासारखा किटण साठला होता त्यात स्टार्चचे कण आणि वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष मिळाले, २०११ मध्ये छापून आलंय. बार्लीसारख्या गवताचं बी, त्यातले काही कण शिजवल्यासारखे फुगलेले, खजुराच्या झाडाच्या खुणा, कडधान्याच्या. दातावरचा किटण कुणा उंदराने आणून लावला असं कुणी म्हणू शकत नाही, तो त्या माणसाच्या तोंडातच झाला. २०२२ ला अजून एक, गुहेतल्या जळक्या अन्नाच्या ढेकळांत डाळींचे तुकडे, आधी भिजवलेले आणि कुटलेले दिसतात असे. म्हणजे हे लोक डाळ भिजवून कुटून कसलंतरी जेवण करत होते, त्याला फुलांच्या गोष्टीसारखी प्रसिद्धी कुणी दिली नाही, मला मात्र ते जास्त ओळखीचं वाटतं.

दफनाचं म्हणाल तर आता लक्ष फुलांवरून जागेकडे वळलंय. एकाच कोपऱ्यात, एका मोठ्या उभ्या दगडाच्या आडोशाला, थोड्या थोड्या काळाने एकामागून एक माणसं तिथे ठेवली गेली, शानिदार ४ आणि त्याच्या खालची तीन, आणि शेजारी ही झेड. कुणीतरी परत परत त्याच जागी येत होतं. शानिदार झेडचं वर्णन वाचताना मी एका ओळीवर थांबलो होतो. तिचा डावा हात डोक्याखाली घेतलेला आहे, बोटं वळलेली, आणि डोक्याच्या मागे उशीसारखा एक दगड आहे.